उत्तरेला दर्या

मंगळवारी दुपारी मुजीब साहेबांनी एक साधा शब्द वाचला आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली निजामाच्या वेळची रजिस्टरं स्कॅन करायचं काम दोन महिन्यांपासून आमच्या गळ्यात पडलं आहे. अख्ख्या ऑफिसात उर्दू वाचता येणारे एकटे मुजीब साहेब, तेव्हा ते वाचतात आणि मी संगणकात भरते. त्या दिवशी नेमकं भीमपूरच्या पुढच्या आमच्याच गावाचं पान निघालं. नदीकाठच्या एका शेताच्या चारी हद्दी लिहिल्या होत्या. पूर्वेला कुणाची तरी जमीन, पश्चिमेला नाला, दक्षिणेला गाडीवाट. "और शुमाल में दरिया," मुजीब साहेब म्हणाले आणि पान उलटायला लागले. मी पानावर हात ठेवला. शुमाल म्हणजे उत्तर, एवढं दोन महिन्यांत मला पाठ झालं होतं, आणि आमच्या गावाच्या उत्तरेला पैनगंगेशिवाय दुसरं काही नाही. मी विचारलं, दरिया मतलब समंदर ना साहेब? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नदी, मॅडम. दरिया मतलब नदी. समंदर यहाँ किधर से आएगा?" आणि ते हसले. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. पण छत्तीस वर्षांपूर्वी याच वाक्यावर एक हसणं झालं होतं, आणि ते मला त्या टेबलावर स्पष्ट ऐकू आलं.

ऑफिसात मला मागून 'करेक्शन मॅडम' म्हणतात. मला ठाऊक आहे आणि त्याचं वाईटही वाटत नाही. चूक दिसली की माझ्या हाताला खाज सुटते. अर्जातली, नोटिशीतली, दुकानाच्या पाटीवरची, कुणाच्या बोलण्यातली. तेलुगूत चुकलं तर तेलुगूत सांगते, मराठीत चुकलं तर मराठीत. लग्न का केलं नाही असं विचारायला येणाऱ्यांचीसुद्धा मी वाक्यं दुरुस्त करून परत पाठवली आहेत. हा स्वभाव कुठून आला असं कोणी विचारलं की मी एक ठरलेली गोष्ट सांगते, आणि ती सांगताना समोरची माणसं पोट धरून हसतात. चौथीत यशवंतराव गुरुजींनी 'माझे बाबा' असा निबंध लिहायला सांगितला. मी लिहिलं, माझे बाबा तहसील कचेरीत आहेत. आमच्या गावाच्या उत्तरेला दर्या आहे. बाबा दर रविवारी दर्यावर मासे धरायला जातात आणि संध्याकाळी घरी येतात. यशवंतराव गुरुजी पलीकडच्या यवतमाळचे. त्यांनी वही वर धरून वर्गाला वाचून दाखवली आणि भिंतीवरच्या नकाशाला छडी लावली. "दर्या म्हणजे समुद्र. तो इथून सहाशे किलोमीटर. उत्तरेला दर्या नाही, उत्तरेला आमचं यवतमाळ आहे." वर्ग हसला. इथं गोष्ट संपते आणि ऐकणारेही हसतात. मी नेहमी इथंच संपवते. मंगळवारी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की गोष्ट इथं संपली नव्हती, मी ती इथं कापून टाकली होती.

त्याच आठवड्यातल्या रविवारी संध्याकाळी बाबा नदीवरून आले. हातात दोन मरळ, सुतळीला ओवलेले, शेपट्या अजून हलत होत्या. तोवर रविवार म्हणजे दर्या असंच आमच्या घरात होतं. सकाळी बाबा बांबूची काठी खांद्यावर टाकून म्हणायचे, "दर्यावर चाललो. येतो संध्याकायपर्यंत." ते म्हटलं रे म्हटलं की आई पाटा धुवायची आणि मिरच्या, लसूण, खोबरं वाटायला बसायची. शेजारच्या द्वारकाबाई ओट्यावरून हसायच्या, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, मासा अजून पाण्यात अन् सखूबाईचा मसाला पाट्यावर. आई मान वर न करता वरवंटा ओढत राहायची, आणि तिचा मसाला वाया गेलेला मला आठवत नाही. तर त्या संध्याकाळी बाबा दारात उभे होते आणि मी ओट्यावर उभी राहून त्यांना सांगितलं, की दर्या नाही, नदी म्हणायचं. दर्या म्हणजे समुद्र. अडाण्यासारखं बोलू नका, माझे मार्क जातात. उचलली जीभ लावली टाळ्याला. नऊ वर्षांची पोर मी, आणि ज्याला म्हणाले तो माणूस रेकॉर्ड रूममधल्या जुन्या मुन्शींकडून उर्दू शिकला होता, तेलुगूत फायली लिहायचा, मराठीत पत्रं लिहून द्यायचा. बाबांनी काठी कोपऱ्यात ठेवली. मासे आईकडे दिले, हातपाय धुतले. पुढच्या रविवारी निघताना म्हणाले, "नदीवर जाऊन येतो." मला आठवतं, मला किती बरं वाटलं होतं. माझ्या आयुष्यातली ती पहिली दुरुस्ती, आणि ती पहिल्या फटक्यात लागू झाली होती. आईनं त्या दिवशी पाटा धुतला नाही. त्यानंतर मासे दिसल्याशिवाय ती कधीच वाटायला बसली नाही, आणि ते का, याचा मी छत्तीस वर्षांत एकदाही विचार केला नाही.

शुक्रवारची तिकिटं काढलेली होती, हेच वाईट होतं. मला समुद्रावर मासे धरायचा नाद आहे. आदिलाबादच्या माणसाला हा नाद असावा हे कुणाला पटत नाही, पण आमच्या स्टेशनातून निघणारी तिरुपतीची गाडी वाटेत चिराल्याला थांबते, आणि चिराल्यापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. सहा वर्षांपूर्वी ऑफिसच्या लोकांबरोबर बालाजीला गेले होते, परतताना तिथं उतरलो. वाळूत एक निवृत्त बँकवाले लांब काठीनं समुद्रात गळ फेकत होते आणि त्यांची फेक दर वेळी लाटेच्या अलीकडेच पडत होती. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी त्यांच्या हातातून काठी घेतली, पैनगंगेवर बाबांनी शिकवली होती तशी कमरेतून फेकली, आणि गळाची तंगूस रिळावरून सूं करत सुटली ती थांबेचना. तो आवाज मनगटातून खांद्यापर्यंत गेला. नदीत फेक दुसऱ्या काठाला घाबरून टाकावी लागते. इथं दुसरा काठच नव्हता. तेव्हापासून दर जानेवारीत चार दिवस रजा टाकते. पोलय्या नावाच्या कोळ्याची छोटी फायबरची नाव ठरवते आणि दिवसभर मिठाच्या वाऱ्यात बसून राहते. जिताडा मिळाला आहे, सुरमई मिळाली आहे. एकदा नावेच्या बाजूनं सहा डॉल्फिन गेले, पाठी चकचकीत, एकमेकांना सांभाळून, लग्नाहून परतणाऱ्या बायकांसारखे. एकदा पट्ट्यापट्ट्यांचा साप वर आला, आम्हाला पाहिलं न पाहिलं करून खाली गेला. तिथं मी कुणाची चूक काढत नाही, कारण तिथं कुणी काही लिहिलेलं नाही. आम्ही गाव सोडून आदिलाबादला आलो, तर इथंही द्वारकाबाई आमच्या शेजारीच राहतात. त्यांना अजून वाटतं मी बालाजीला जाते. दर वर्षी त्या लाडू मागतात आणि मी त्यांना सुके बांगडे आणून देते. परसाद म्हणून त्या तेही मुकाट्यानं खातात.

या वर्षी बाबांना न्यायचं मी ठरवलं होतं. पंचाहत्तरी झाली, समुद्र पाहिलेला नाही. ते नको म्हणत होते, खाऱ्या पाण्यात माह्यं काय काम. तेव्हा मी त्यांना जे बोलले ते मंगळवारी रात्रभर माझ्या उशाशी बसून होतं. मी म्हणाले होते, "एके काळी दर्या दर्या करत होता ना, एकदा खरा दर्या बघून घ्या." बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, चाल. एवढंच. मला वाटलं होतं, मी किती चांगली मुलगी.

बुधवारी, गुरुवारी संध्याकाळी बाबा ओसरीवर माझा गळांचा डबा घेऊन बसले. माझे गळ बाजारातले, परदेशी, टोकाजवळ उलटा काटा असलेले. एकदा मासा अडकला की तो काटा त्याला सुटू देत नाही. बाबा एकेक गळ पकडीत धरायचे आणि तो उलटा काटा दाबून सपाट करायचे. मी म्हणाले, मोठा मासा निसटेल. ते म्हणाले, निसटला तर आपला नोयता. नदीवरही ते असंच करायचे. फार पूर्वी त्यांच्या गळाला कासव लागलं होतं, काटा रुतून बसला, काढता आला नाही, तंगूस कापून सोडावं लागलं. आठ दिवसांनी ते काठावर मेलेलं सापडलं. तेव्हापासून त्यांच्या गळाला उलटा काटा नाही. पकडीचा टक टक आवाज येत होता आणि मी समोर बसून होते. तोंड उघडायचं आणि सांगायचं, इतकंच होतं. रजिस्टरात दरिया लिहिलं आहे, तुम्ही बरोबर होता, मी चुकले. तीन वाक्यं. जगाला रोज तीसेक चुका सांगणारी बाई मी, स्वतःची एक सांगता येईना. गुरुवारी मी दोनदा सुरुवात केली. एकदा पाणी मागितलं, एकदा गाडीची वेळ सांगितली. आई भाजी निवडत होती, ती म्हणाली, आज हिले काय झालं, तोंडात मूग धरून बसली. मला एवढंच दिसत होतं, की मी एका माणसाकडून त्याचा शब्द काढून घेतला होता आणि तो मीच परत करायला हवा होता. आणि तो माणूस माझे गळ सपाट करत बसला होता.

समुद्र दिसला तेव्हा बाबा थांबले नाहीत. मी मागे राहून त्यांचा चेहरा पाहायचं योजलं होतं, पण ते सरळ पाण्यापर्यंत चालत गेले, ओंजळ भरली, चाखली आणि थुंकली. "मीठ जास्त झालं," म्हणाले. माझ्या सगळ्या योजनेवर तिथंच पाणी पडलं, पण मला हसू आलं. रविवारी सकाळी नाव निघाली. मला वाटलं होतं ते घाबरतील, किंवा गप्प होतील, किंवा त्यांचे डोळे भरून येतील. ते पोलय्याशी तेलुगूत गप्पा मारत होते. वारा कुठून, पाणी केव्हा चढतं, या कोळीवाड्याचं महसुली गाव कुठलं. किनारा पुसट झाला तसा त्यांनी एकदा चौफेर पाहिलं, अगदी हळू, मोजणीला आलेला माणूस शेत बघतो तसं. मग काठी हातात घेतली. पाऊण तासात त्यांनी तीन मासे काढले. माझी फेक पोलय्यानं दोनदा वाखाणली, बाबांची एकदाही नाही, कारण ते फेकत आहेत हे त्याच्या लक्षातच येत नव्हतं. नदीवरही ते असेच बसायचे. नदीवर माझं काम झिंगे धरून द्यायचं. मी ओंजळीत झिंगे धरायची आणि त्यांच्या मिशा माझ्या तळव्याला गुदगुल्या करायच्या. मी हसले की बाबा ओठावर बोट ठेवायचे. तळव्याला ती गुदगुली मला त्या नावेत झाली. मी मूठ मिटली. आता सांगते, असं ठरवलं.

तेवढ्यात माझ्या रिळानं किंकाळी फोडली. काठी वाकली, तंगूस सुटली, आणि दर्या, नदी, रजिस्टर सगळं डोक्यातून गेलं. मोठा आहे, बघा, बघा तुम्ही, असं काहीतरी मी ओरडत होते. दहा मिनिटं ओढाओढ झाली. हात भरून आले. पण ओढ वेगळी होती. मासा झटके देतो. हे जड होतं, सावकाश होतं, एखादा माणूस आपल्याला नको तिकडे चालावा तसं. मग नावेपासून चार हातांवर पाणी फुगलं आणि एक डोकं वर आलं. हिरवट, सुरकुतलेलं, मोठ्या काळ्या डोळ्यांचं. त्यानं श्वास सोडला. तो आवाज मी विसरणार नाही. दम लागलेल्या म्हाताऱ्या बाईनं जिन्यावर बसावं आणि हुश्श करावं, तसा. कासव होतं. पाठ परातीएवढी, आणि जबड्याच्या कोपऱ्यात माझा गळ. या दिवसांत त्या माद्या अंडी घालायला किनाऱ्याकडे येतात, हे मला माहीत होतं.  पोलय्यानं चाकू काढला. "कट चेस्ता, मॅडम." तंगूस कापायची, गळ राहील तर राहील, सगळे तसंच करतात. मी मान हलवणार होते. बाबा त्याला म्हणाले, "आगु." थांब.

ते गुडघ्यावर बसले, पंचाहत्तर वर्षांच्या गुडघ्यावर, आणि मला म्हणाले, तंगूस ढिली ठेव, ओढू नको. कासव बाजूला आलं तसा त्यांनी एक हात पाण्यात घालून तिच्या पाठीखाली दिला. दुसऱ्या हातानं गळ धरला. तिनं त्यांच्याकडे पाहिलं की नाही सांगता येत नाही, पण ती थांबली. बाबांनी मनगट थोडं वळवलं आणि गळ निघून आला, सुईतून दोरा यावा इतका सहज. उलटा काटा नव्हता ना. ती लगेच गेली नाही. एकदा नावेच्या कडेला तिची पाठ घासली, खर्र आवाज आला. बाबांनी ओंजळभर पाणी तिच्या पाठीवर टाकलं, नदीवरच्या कासवांना सोडताना टाकायचे तसं. "जा माय," म्हणाले. ती खाली खाली जात राहिली, हिरव्यातून काळ्यात. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. पोलय्यानं चाकू कमरेला लावला आणि तो गळ हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.  थोड्या वेळानं त्यानं स्वतःचा डबा उघडला आणि बाबांपुढे ठेवला, पकडीसकट.

बाबा त्याचे गळ सपाट करू लागले. टक टक. त्या आवाजातच मी बोलले, आणि माझं बोलणं कधी गावच्या वळणावर गेलं ते मला कळलं नाही.

"बाबा, रजिस्टरात दरिया लिवलेला हाये. आपल्या गावच्या उत्तरेले."

"मालूम हाये," ते म्हणाले. वर पाहिलं नाही. "तीस वर्सं मीच तर वाचत होतो."

"मंग तवा काऊन नाई बोलले? मी तुमाले अडाणी म्हटलं."

"तू शिकून राह्यली होती. घरात एक दर्या, शाळंत दुसरा. पेपरात घोटाळा झाला असता तुह्या. शब्दाचं काय, ठेवला बाजूले. म्हटलं, तुह्यी परीक्षा झाली का काढू."

"मंग काढला काऊन नाई?"

त्यांनी एक गळ उजेडाकडे धरून पाहिला. "तुह्यी परीक्षा सरलीच नाई ना, बाई."

आणि ते हसले. मीही हसले, आणि हसता हसता रडले, वारा तोंडावर असल्यानं पोलय्याला कळलं नसेल. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि त्याचबरोबर असं हलकं वाटलं की ते कसं सांगू. मी छत्तीस वर्षं समजत होते की मी त्यांना सुधारलं. त्यांनी मला पास व्हायला जागा करून दिली होती. एवढी वर्षं मी त्या जागेत उभी राहून लोकांच्या चुका काढत होते. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तो छत्तीस वर्षांनी लागला, म्हणजे मी किती शहाणी ते दिसतंच. चुकले, असं मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. बाबांनी पोलय्याच्या डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा एकदा चौफेर पाहिलं. समुद्र बी चांगला हाये, म्हणाले, लय मोठा हाये. पण चारी हद्दीले हाच. असं पान कोणी भरावं? मग त्यांनी झिंगा लावला आणि गळ पाण्यात सोडला, आणि ओठावर बोट ठेवलं.

परत आल्यावर द्वारकाबाईंना सुके बांगडे दिले. या खेपेला मी त्यांना खरं सांगितलं, की आम्ही बालाजीला जातच नाही, समुद्रावर मासे धरतो. त्या म्हणाल्या, मालूम हाये, बालाजीच्या लाडवाले कधी काटे असतात का? म्हणजे त्यांनाही मालूम होतं. सगळ्यांना सगळं मालूम असतं आणि माणसं गप्प बसून मला माझ्या मार्कांसह जगू देतात, हे आता माझ्या लक्षात यायला लागलं आहे. बुधवारी ऑफिसात मुजीब साहेबांनी एका नोटिशीत वेलांटी चुकवली. हाताला खाज सुटली. मी हात टेबलाखाली ठेवला, आणि तो तिथं राहिला याचं मला फार नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र मी ती दुरुस्त केली. नोटीस ती नोटीसच.

काल रविवार होता. सकाळी बाबांनी माळ्यावरून बांबूची काठी काढली, जुनी, हाताच्या जागी काळी पडलेली. मी माझी समुद्राची काठी घरीच ठेवली आणि झिंग्यांसाठी डबा घेतला. आई आतून म्हणाली, सकायीसकायी कुठी निघाले दोघंबी? बाबा चपला घालत होते.  ते वाकलेलेच राहिले, पट्टा लागला तरी.

"दर्यावर चाललो," मी म्हणाले.

बाबा उठून उभे राहिले. काठी खांद्यावर टाकली. "येतो संध्याकायपर्यंत," त्यांनी पुढचं जोडलं.  पायऱ्या उतरून आम्ही फाटकाशी आलो, बाबांनी कडी काढली, आणि घरात मिक्सर सुरू झाला.